खून कोणी केला आणि सही कोणी केली

ईशाची नमाज झाली, जेवणाची भांडी आवरली, की आमच्या घरात खून सुरू होतात. पलंगाच्या कडेला मी, खिडकीजवळच्या खुर्चीत बायको, आणि दोघांत मिळून एकच पुस्तक. दोन प्रती घेणं आम्हा पेन्शनवाल्यांना परवडत नाही आणि मनालाही पटत नाही. त्यामुळे एक तास ती वाचते, एक तास मी. पुस्तकात दोन खुणा असतात. माझी खूण म्हणजे एसटीचं जुनं तिकीट, तिची खूण म्हणजे भरतकामाच्या रेशमाचा तुकडा. जो पुढे असेल त्याने तोंड उघडायचं नाही, हा घरातला कायदा आहे. मी तो दोनदा मोडला आहे आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशीचा चहा मला स्वतः करून घ्यावा लागला आहे.

पुस्तक संपलं की रविवारी नाश्त्याच्या वेळी निकाल लागतो. ती बत्तीस वर्षं उर्दू शाळेत शिकवत होती, म्हणून ती दहापैकी गुण देते. मी बँकेत होतो, म्हणून मी पैसे वसूल झाले की नाही एवढंच सांगतो. आमचा निकाल सहसा जुळत नाही. गेल्या दिवाळीपासून या पावसाळ्यापर्यंत आम्ही बऱ्याच रहस्यकादंबऱ्या वाचल्या. त्यातल्या तीन कादंबऱ्यांबद्दल आमचं काय म्हणणं पडलं ते सांगतो, आणि त्यातल्या एकीमुळे आमच्याच घरात काय निघालं तेही सांगतो. खुनी कोण हे कुठेही सांगणार नाही. निर्धास्त वाचा.

पण आधी कर्नल फरीदीबद्दल सांगायला हवं, कारण आमचं पहिलं भांडण त्याच्यावरूनच झालं.

लहानपणी आमच्या कराडात भाड्याने पुस्तकं देणारी दुकानं होती. मी मराठी शाळेतला, त्यामुळे मला देवनागरीच वाचता यायची. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड वाचून संपले, की मी हिंदीतल्या ‘जासूसी दुनिया’कडे वळायचो. त्यात कर्नल विनोद नावाचा हुशार, गंभीर, कायद्याला घट्ट धरून चालणारा गुप्तहेर असायचा आणि त्याच्या हाताखाली कॅप्टन हमीद. हमीद थट्टेखोर, मुलींच्या मागे धावणारा, बकरा पाळणारा. लेखकाचं नाव इब्ने सफी. मला दोघंही आवडायचे, पण मोठं होऊन व्हायचं होतं ते विनोद.

निकाहनंतर पहिल्या रमजानमध्ये ती सोलापुराहून तिच्या अब्बांच्या पेटीतली काही उर्दू पुस्तकं घेऊन आली. एका संध्याकाळी तिने त्यातल्या एका कादंबरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. अर्ध्यातच मी म्हटलं, ‘ही मी वाचली आहे. पण तू विनोदला फरीदी का म्हणतेस?’

‘कोण विनोद?’ ती म्हणाली.

तेव्हा उलगडा झाला. इब्ने सफी, म्हणजे मूळचे अलाहाबादजवळच्या नारा गावचे असरार अहमद, यांनी 1952 साली ‘जासूसी दुनिया’ उर्दूत सुरू केली. अश्लील मजकूर असल्याशिवाय उर्दू पुस्तक खपत नाही, असं कोणी तरी म्हणालं होतं. ते खोटं ठरवायचं म्हणून हा माणूस लिहायला बसला, असं सांगतात. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं अलाहाबादहूनही निघत राहिली. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत आला तेव्हा तो कर्नल विनोद झाला. 1955 साली सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेतला इमरान हिंदीत राजेश झाला. हमीद मात्र हिंदीतही हमीदच राहिला.

मला यात गंमत वाटली. तिला नाही वाटली. ती म्हणाली, ‘साहेब विनोद झाला आणि हाताखालचा विदूषक हमीदच राहिला. तुम्ही लहानपणी इतकी वर्षं वाचलंत, पण हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?’

मी म्हटलं, प्रकाशकाला पुस्तक खपवायचं असेल, त्यात एवढं काय. प्रकाशकही आपल्यातलाच होता. ती म्हणाली, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. अकरा-बारा वर्षांचा असताना मी विनोद व्हायचं ठरवलं होतं. फरीदी होता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्हा दोघांना एक सवय लागली. पुस्तकात नावं कशी वाटली आहेत ते आधी बघायचं. स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणारी जाडजूड थ्रिलर उघडली, की पहिल्या तीस पानांत आपल्याकडचं एखादं नाव येतं. त्या माणसाला दाढी असेल, तो फोनवर हळू आवाजात बोलत असेल, तर पुढे वाचायची गरज उरत नाही. रहस्य तिथेच संपलं. बायको अशा पुस्तकांना शून्य गुण देते. तिचं म्हणणं असं, की आमची बदनामी होते हा राग वेगळा, तो आहेच. पण रहस्यकथा म्हणूनही हे पुस्तक नापास आहे. ज्यात गुन्हेगार नावावरून ओळखता येतो त्यात लेखकाने मेहनत काय केली? मला हे पटतं. मी असं पुस्तक अर्ध्या किमतीला परत देऊन येतो.

आता या वर्षीची पुस्तकं.

पहिलं जपानी होतं. केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ कादंबरी 2005 सालची, तिला जपानमधलं मोठं नाओकी पारितोषिक मिळालेलं आहे. आपल्याकडे 2023 साली आलेला ‘जाने जान’ हा सिनेमा याच गोष्टीवरचा. आम्ही सिनेमा मुद्दाम पाहिला नाही, आधी पुस्तक वाचलं.

यात खून कोणी केला हे सुरुवातीच्या पानांतच कळतं. यासुको नावाची बाई मुलीला घेऊन राहते आणि जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. तिचा माजी नवरा पैशासाठी छळायला येतो आणि झटापटीत मारला जातो. शेजारच्या खोलीत इशिगामी नावाचा गणिताचा शिक्षक राहतो. फक्त तिला बघायला मिळावं म्हणून तो रोज तिच्या दुकानातून डबा घेत असतो. तो दार वाजवतो आणि सांगतो, की हे प्रकरण मी निस्तरतो. पुढचं पुस्तक म्हणजे हा गणिती आणि त्याचा जुना कॉलेजमित्र असलेला एक भौतिकशास्त्रज्ञ यांच्यातली बुद्धीची झुंज.

मी तर भारावून गेलो. मी रविवारी म्हटलं, ‘असं प्रेम कोण करतं? काही मागितलं नाही त्याने. माझे पैसे दुप्पट वसूल.’

तिने सहा गुण दिले. ‘मांडणीला नऊ,’ ती म्हणाली, ‘तीन कापले ते त्या मास्तरासाठी.’

‘का?’

‘त्याने तिला विचारलं कुठे? पोलिसांना काय सांगायचं ते तो ठरवणार. रोज संध्याकाळी बाहेरच्या फोनवरून तो फोन करणार, आणि तिने तो घ्यायचा. तिने कोणाशी बोलावं याचीही त्याला काळजी. बिचारी एका माणसाच्या तावडीतून सुटली आणि दुसऱ्याच्या उपकारात अडकली. तुम्हाला ते प्रेम दिसतं, कारण तुम्ही मास्तरच्या खोलीत बसून वाचलंत. मी तिच्या खोलीत बसून वाचलं.’

मी म्हटलं, तिने मदत नाकारली नाही ना? ती म्हणाली, समोर प्रेत पडलेलं असताना बाई काय नाकारणार? यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. शेवटी मी तिचं म्हणणं अर्धं मान्य केलं. तिने माझं अजिबात मान्य केलं नाही. पण पुस्तकाचा शेवट आम्हा दोघांनाही रडवून गेला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दुसरं पुस्तक आपल्या मुंबईचं. वसीम खान यांची ‘मिडनाइट अॅट मलाबार हाउस’. लेखक लंडनमध्ये जन्मलेले, भारतात दहा वर्षं राहून गेलेले. 2021 साली ब्रिटनच्या गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचं ऐतिहासिक कादंबरीचं पारितोषिक या पुस्तकाला मिळालं. गोष्ट 1949 सालच्या शेवटच्या रात्री सुरू होते. मुंबईत नव्या वर्षाची मेजवानी चालू आहे, आणि तिथेच सर जेम्स हेरियट हा इंग्रज मुत्सद्दी मारला जातो. तपास येतो पर्सिस वाडियाकडे. ही देशातली पहिली स्त्री पोलीस निरीक्षक, अर्थात कादंबरीतली. वरिष्ठांना ती नको आहे, म्हणून तिला एका अडगळीतल्या चौकीत टाकलेलं आहे. तिचे वडील चाकाच्या खुर्चीत बसून पुस्तकांचं दुकान चालवतात. बापलेकीची ही जोडी आम्हा दोघांनाही फार आवडली.

हेरियटकडे एक सरकारी काम असतं. फाळणीच्या वेळी झालेल्या गुन्ह्यांची चौकशी. म्हणजे एका माणसाच्या खुनामागे लाखो खून उभे आहेत. माझं मत असं, की लेखकाने हे फार चांगलं साधलं आहे. पुस्तकाला वेग आहे, जुनी मुंबई आहे, आणि फाळणी ही भाषणाची गोष्ट न होता तपासाची गोष्ट होते.

बायकोने साडेसात दिले. तिला तपास आवडला, पण एक गोष्ट खटकत राहिली. ‘एक गोरा मेला तर अख्खी मुंबई हलते,’ ती म्हणाली. ‘त्या लाखांसाठी कुठली चौकी होती? कोणाचा पंचनामा झाला?’

मी म्हटलं, लेखकालाही तेच सुचवायचं असेल.

‘असेल,’ ती म्हणाली. ‘पण मी त्या रात्रीच्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करत होते.’ मग तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांना शोधून परत पाठवण्याचा कायदा आपल्याकडे 1949 सालच्याच अखेरीस झाला. हेतू चांगला होता. पण त्या बाईला परत जायचं आहे की नाही, हे विचारण्याचं बंधन त्यात नव्हतं. काही जणींचे तिकडे संसार उभे राहिले होते, मुलं झाली होती. तरीही पाठवल्या गेल्या. ‘मेजवानीत बँड वाजत होता तेव्हा हा कायदा अगदी ताजा होता,’ ती म्हणाली. ‘त्या कादंबरीत एखादी अशी बाई हवी होती.’

मला आता तिची वाचायची रीत कळायला लागली होती. मी पुस्तकात खुनी शोधतो. ती शोधते ती बाई, जिला कोणी काही विचारलं नाही.

तिसरं पुस्तक मीच आणलं. त्याचं श्रेय मला द्या आणि दोषही मलाच द्या. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलाबार हिल’, 2018 सालची. पुन्हा मलाबार हिल, पुन्हा पारशी नायिका, पण काळ 1921 सालचा. परवीन मिस्त्री ऑक्सफर्डला शिकून आलेली, वडिलांच्या वकिली फर्ममध्ये काम करते. त्या काळी बाईला कोर्टात उभं राहता येत नव्हतं. तो दरवाजा आपल्याकडे 1923 सालच्या कायद्याने उघडला. त्यामुळे परवीन कागदपत्रं बघते. लेखिकेला परवीन सुचण्यामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. कॉर्नेलियांचा जन्म नाशिकचा, 1866 सालचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मग ऑक्सफर्डला कायदा. पुढे 1904 पासून त्यांनी बंगालमध्ये पडदानशीन बायकांच्या मालमत्तेचे प्रश्न सोडवायचं सरकारी काम केलं. परक्या पुरुषासमोर न येणाऱ्या या बायकांचं म्हणणं ऐकायला त्यांच्या दालनात जाऊ शकेल असा वकील बाईच असू शकत होती.

कादंबरीत उमर फरीद नावाचा श्रीमंत गिरणीमालक वारला आहे. मागे तीन विधवा, रझिया, सकीना आणि मुमताज. तिघी बंगल्याच्या जनानखान्यात राहतात, बाहेर येत नाहीत. घराचा कारभार बघणारा मुक्री नावाचा माणूस वकिलांना एक पत्र पाठवतो, की तिन्ही बेगमा आपल्या वाट्याचं सगळं वक्फला देऊन टाकत आहेत. खाली तिघींच्या सह्या. परवीनला त्या सह्या खटकतात. एकीची सही म्हणजे नुसती फुली. म्हणजे जिला वाचता येत नाही तिने वाचून सगळं दान केलं? परवीन बंगल्यावर जाते, एकेकीशी वेगळं बोलते, आणि थोड्याच वेळात त्या घरात खून होतो.

मी हे पुस्तक भीतभीतच आणलं होतं. परदेशात राहणाऱ्या लेखिकेने लिहिलेलं मुस्लिम घर, त्यात पडदा, तीन बायका, वक्फ. म्हटलं, आता पुन्हा तेच बघावं लागणार. तसं झालं नाही. लेखिकेने एक मोठी प्रामाणिक गोष्ट केली आहे. परवीनच्या आयुष्यातला पाच वर्षांपूर्वीचा भाग मधूनमधून येतो. तिचं लग्न होऊन ती कलकत्त्याला जाते, आणि सासरी पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत वेगळं बसवतात. सासर पारशी आहे, सुखवस्तू आहे, तरीही. म्हणजे कोंडलेली बाई फक्त त्या बंगल्यात नाही. तिला सोडवायला आलेली वकीलसुद्धा कोंडून घेऊन आलेली आहे.

मी रविवारी अगदी खुशीत निकाल दिला, पैसे वसूल, आणि विशेष म्हणजे आपल्यावर अन्याय नाही. तिने आठ गुण दिले. दोन कापले, कारण लेखिका खाण्यापिण्याची आणि रीतिरिवाजांची माहिती परक्या वाचकाला समजावून देत बसते आणि तेवढा वेळ गोष्ट थांबते. ‘पण मेहर तिने बरोबर मांडली आहे,’ ती म्हणाली. ‘लग्नात काही द्यायची, काही नंतर द्यायची. ती बाईची असते, नवऱ्याची मेहेरबानी नसते. हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं.’

मला संधी मिळाली. मी म्हटलं, ‘तुझी मेहर मी पहिल्या महिन्यात रोख दिली होती. माफ करून घेतली नव्हती. आठवतं ना?’

‘आठवतं,’ ती म्हणाली. तिने कपात चहा ओतला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘आणि आपाची सही?’

घरात आम्ही दखनी बोलतो. तिने पुढे जे म्हटलं ते तसंच लिहितो. ‘दस्तखत किसकी थी, मर्जी किसकी थी?’

मला एकदम काही सुचलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी अब्बांचं निधन झालं. अम्मी आधीच गेल्या होत्या. मागे आम्ही दोघं भाऊ आणि आपा. शरीयतप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे घराचे पाच भाग. दोन भावाचे, दोन माझे, एक आपाचा. हा हिशोब मदरशात जाणाऱ्या पोरालाही येतो. आम्हालाही येत होता. चाळिसाव्यानंतर भाऊ म्हणाला, आपा इचलकरंजीला सुखात आहे, तिला काही नको आहे, हक्कसोडपत्र करून घेऊ म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर पुढे गुंता नको. मी हो म्हटलं. आपाला फोन करून बोलावलं. ती एसटीने आली, नोंदणीच्या ऑफिसात आमच्याबरोबर बसली, वकिलांनी बोट ठेवलं तिथे तिने सह्या केल्या, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. दुपारी घरी बिर्याणी झाली. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. आता खालच्या मजल्यावर भाऊ राहतो, वरच्या मजल्यावर आम्ही. ज्या खोलीत बसून आम्ही बायकांच्या सह्यांच्या गोष्टी वाचतो, त्या खोलीच्याही भिंतीत आपाचा हिस्सा आहे.

मी बचाव केला. म्हटलं, आपा सातवी शिकलेली आहे, फुली मारणारी नाही. तिने स्वतःच्या हाताने सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. आणि हक्क सोडायचा अधिकार माणसाला असतोच.

‘सोडता येतो,’ बायको म्हणाली. ‘पण आधी तो हातात यावा लागतो. तिला कोणी म्हटलं का, की आपा, हा तुझा पाचवा भाग, घे, आणि मग हवं तर दे? आणि तिने कागद वाचला होता?’

‘वाचला असेल.’

‘तुम्ही बँकेत होता,’ ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. एकतीस वर्षं मी कर्जाच्या कागदांवर लोकांच्या सह्या घेतल्या. ज्याला वाचता येत नाही त्याला सगळा मजकूर वाचून दाखवायचा, समजला का विचारायचं, आणि मगच तसं लिहून साक्षीदारासमोर अंगठा घ्यायचा, हा नियम मी कधी मोडला नाही. मांडवातल्या शेळ्यांच्या कर्जालाही नाही. आणि सख्ख्या बहिणीचा कागद मी बिर्याणीच्या सामानाची यादी करत करत उरकला होता.

त्यानंतर पंधरा दिवस आमचं वाचन बंद होतं. कोणी बंद केलं असं नाही. पुस्तक तिथेच होतं, दोन्ही खुणा शेवटच्या पानावर. मग एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मी कपाटातून त्या कागदाची प्रत काढली आणि इचलकरंजीची गाडी पकडली. बायको बरोबर आली.

आपाने नेहमीसारखं स्वागत केलं, शिरखुर्मा केला, ईद नसताना. मी तिला म्हटलं, ‘आपा, त्या दिवशी तू कागद वाचला होतास का?’

ती हसली. ‘चष्मा घरी राहिला होता रे. आणि तुम्ही दोघं होता की तिथे. वाचायचं काय?’

मी म्हटलं, आज वाचून दाखवतो. चार पानं होती. मी बँकेत वाचायचो तसा एकेक ओळ थांबत वाचली. राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता, विचारपूर्वक, यापुढे मिळकतीशी माझा काही संबंध राहणार नाही, माझे वारसही काही मागणार नाहीत. आपा हातातलं काम थांबवून ऐकत होती. माझं वाचून झाल्यावर तिने विचारलं, ‘हे सगळं मी म्हटलं होतं?’

मी गप्प राहिलो.

‘मी तर एवढंच म्हटलं होतं,’ ती म्हणाली, ‘की मला ईदला बोलवत जा.’

आपल्या समाजातच काय, शेजारच्या हिंदू घरांतही मी हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, आणि भाऊ त्याला बहिणीचं मोठं मन म्हणतात. कोणी कोणाला धमकावत नाही, आवाज चढवत नाही. सगळे एकमेकांवर माया करत असतात. म्हणूनच यात कोणाला गुन्हा दिसत नाही. वारशात मुलीचा वाटा सांगणारा धर्म आपला आहे, असं आपण सभांमधून अभिमानाने सांगतो. मीही सांगितलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. घरी मात्र तो वाटा एका दुपारी काढून घेतला.

परत येताना गाडीत बायको म्हणाली, ‘त्या जपानी मास्तरवर मी तीन गुण कापले होते. तुमच्यावर किती कापू?’ मी म्हटलं, तूच ठरव. तिने ठरवलं नाही. अजून निकाल यायचा आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात. भावाशी मी बोललो. त्याला राग आला, मग वाईट वाटलं, मग तो म्हणाला विचार करतो. तो अजून विचार करतो आहे. मी त्याला दोष देत नाही, अकरा वर्षं मीही केलाच नव्हता. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. माझ्याकडे अर्धं घर आहे, त्यातला पाचवा हिस्सा आपाचा. तो तिच्या नावे करायचा. वकिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आता झालेल्या कागदामुळे घर तुमचं आहे, तेव्हा बक्षीसपत्र करावं लागेल.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर बायको म्हणाली, ‘तिचं तिलाच बक्षीस?’

मी म्हटलं, कायद्यात त्या कागदाला तेच नाव आहे. ती म्हणाली, असू दे. पण मसुदा आधी इचलकरंजीला जाईल. आपा चष्मा लावून वाचेल, तिला हवं असेल ते बदलेल, नको असेल तर नको म्हणेल, आणि त्यानंतर आपण ऑफिसात जाऊ. मी मसुदा पाठवला आहे. आपाने कळवलं आहे, की दोन पानं वाचून झाली, अक्षर फार बारीक आहे, सावकाश वाचते आहे.

आम्हीही पुन्हा वाचायला लागलो आहोत. परवीन मिस्त्रीचं पुढचं पुस्तक मागवलं आहे. एसटीचं तिकीट सध्या बायकोच्या रेशमाच्या मागे वीस पानं आहे, आणि ती तोंड उघडत नाही.